पायडलवरची वीज आणि माणसाचे श्रम

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नगरपालिका निवडणुकीच्या जाहीरनाम्याचा जो कच्चा मसुदा आपल्या तरुण साथींनी तयार केला आहे, त्यातील नवव्या कलमावर मी बोलावे असे चिटणिसांनी सुचविले. हे कलम असे आहे : प्रत्येक प्रभागातील खुल्या व्यायामशाळेत वीज निर्माण करणारी व्यायामयंत्रे बसवू आणि नागरिकांच्या व्यायामातून रस्त्यावरचे दिवे पेटवू. कल्पना आकर्षक आहे यात शंका नाही. तीत आरोग्य आहे, पर्यावरण आहे, स्वावलंबन आहे, आणि वर श्रमप्रतिष्ठेचा रंगही आहे. अशा कल्पनेला विरोध करणारा माणूस एकतर म्हातारा असतो किंवा प्रतिगामी. पहिला आरोप मला मान्यच आहे. दुसरा टाळण्यासाठी थोडे विस्ताराने बोलावे लागेल.

प्रारंभ हिशेबाने करू. समाजवादी माणसाने हिशेबाचा कंटाळा केला की त्याच्या जागी भांडवलदाराचा कारकून हिशेब मांडतो, हा आपला जुना अनुभव आहे.

सुदृढ, खाऊनपिऊन असलेला माणूस सायकलवर बसून न थकता तासभर पायडल मारू लागला, तर तो साधारणपणे ७५ ते १०० वॉट शक्ती देतो. जगज्जेता सायकलपटू तासभर ४०० वॉटपर्यंत देऊ शकेल. पण आपल्या प्रभागांत असे किती मतदार आहेत? १०० वॉट धरले तरी एक युनिट वीज होण्यासाठी दहा तास पाय चालवावे लागतात. जनित्र, तारा, बॅटरी यांत होणारी गळती धरली, तर तेरा-चौदा तास. पहाटे वीस नागरिक व्यायामशाळेत आले आणि प्रत्येकाने अर्धा तास यंत्रावर घाम गाळला, तर गळती वजा जाता अर्ध्या युनिटाच्या पुढेमागे वीज साठेल. दर दहा रुपये धरला तर दिवसाची कमाई पाच-सहा रुपये. वाचनालयाच्या छपरावर एक चौरस मीटरचा सौर पट्टा टाकला, तर तो या वीस जणांहून कमी वीज देणार नाही. शिवाय त्याला पहाटे उठावे लागत नाही आणि त्याचे गुडघेही दुखत नाहीत.

आता हाच हिशेब मजुरीच्या बाजूने करू. समजा, व्यायाम म्हणून नव्हे, तर रोजगार म्हणून एखाद्याला आठ तास पायडलवर बसविले. दिवसभर टिकायचे तर तो ७५ वॉटच्या वर फारसा जाणार नाही. दिवसअखेर अर्धे युनिट वीज पदरी पडेल. रोजगार हमीवरील मजुरीचा महाराष्ट्रातील दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरला होता. म्हणजे एका युनिटाची नुसती मजुरी सहाशे रुपयांच्या वर गेली. याचा दुसरा अर्थ असा की, बाजारभावाने जर या विजेचे मोल दिले, तर दिवसभर राबणाऱ्या त्या माणसाच्या हातावर पाच रुपये पडतील. अर्थशास्त्राच्या वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगत असे की, एखादी योजना माणुसकीची आहे की नाही हे कळत नसेल तर ती बाजारभावाने चालवून पाहा.

तिसरा हिशेब भाकरीचा. वीज फुकट मिळते असे आपण म्हणतो तेव्हा आपण पोट विसरतो. अन्नातून आलेल्या ऊर्जेपैकी वीस-पंचवीस टक्केच स्नायूंच्या कामात उतरतात. बाकीची उष्णता होऊन जाते. एका युनिटामध्ये ८६० किलोकॅलरी ऊर्जा असते. शरीराची आणि यंत्राची गळती धरली, तर एक युनिट वीज मिळविण्यासाठी माणसाने साडेचार-पाच हजार किलोकॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. म्हणजे ज्वारीच्या भाषेत सुमारे सव्वा ते दीड किलो. औष्णिक केंद्रात एका युनिटामागे सुमारे सातशे ग्रॅम कोळसा जळतो. कोळसा जाळणे वाईटच. चंद्रपूरच्या लोकांना ते कोणी सांगायला नको. पण कोळशाऐवजी त्याच्या दुप्पट वजनाची ज्वारी जाळणे हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. आणि ती ज्वारी पिकविण्यासाठी, दळण्यासाठी, भाजण्यासाठी लागलेले श्रम तर मी अद्याप मोजलेलेच नाहीत. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तेवढी शक्ती पायडलवर निर्माण करायची, तर एका वेळी सुमारे तीन कोटी माणसांनी पाय चालवावे लागतील. तीन पाळ्या धरल्या तर नऊ कोटी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत होती.

एवढा हिशेब कोणालाही पाठीमागच्या कागदावर करता येतो. मग ही कल्पना पुनःपुन्हा डोके वर का काढते?

मला वाटते, तिचे उगमस्थान पाहिले पाहिजे. २००७ साली हाँगकाँगमधील एका व्यायामशाळेने आणि २००८ साली अमेरिकेतील पोर्टलंड येथील एका व्यायामशाळेने व्यायामयंत्रांना जनित्रे जोडली. पुढे अमेरिकन विद्यापीठांच्या व्यायामशाळांतही असे प्रयोग झाले. तेथील ग्राहक कोण होता? दिवसभर खुर्चीत बसणारा, गाडीने घरी जाणारा आणि मग पैसे मोजून घाम काढणारा मनुष्य. त्याच्या शरीरात जी शिल्लक साठली आहे, ती वाया का घालवावी, असा तो विचार होता. त्याच्यापुरता तो गैर नाही. पण गंमत पाहा. त्याच व्यायामशाळेत ज्याच्यावर माणूस जागच्या जागी धावतो ते ट्रेडमिल नावाचे यंत्र विजेवर चालते. पाचशे ते सातशे वॉट तरी ते खाते. एका माणसाला जागेवर धावता यावे म्हणून सहा-सात माणसांनी पायडल मारावे लागेल! आणि डोक्यावरचे दीड टनाचे वातानुकूलन यंत्र चालवायला आणखी पंधरा-वीस माणसे.

आपल्या देशात ही कल्पना येते तेव्हा एक मोठा प्रश्न तिच्यासोबत येतो : शिल्लक कोणाच्या शरीरात आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले आणि १८.७ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाहून कमी आढळले. याच वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. एकाच देशात जादा उष्मांकांचे ओझे वाहणारे शरीर आहे आणि उष्मांकांना मोताद झालेले शरीरही आहे. पहिल्या शरीराने व्यायाम करावा, अवश्य करावा. परंतु पहिल्या शरीरासाठी निघालेले यंत्र दुसऱ्या शरीराच्या दारात ‘ऊर्जास्वावलंबन’ म्हणून नेऊन ठेवणे याला मी निर्बुद्धपणा म्हणतो, आणि त्याहून कठोर शब्द सभेचा संकोच म्हणून वापरत नाही.

तसे घडलेले आहे. २०१५ साली मनोज भार्गव या भारतीय वंशाच्या अमेरिकन उद्योगपतीने एक सायकल जगापुढे आणली. तासभर पायडल मारले की गरीब घराला दिवसभर पुरेल एवढी वीज मिळेल, असा दावा होता. त्यांच्या हेतूविषयी मी बोलत नाही. पण तासाला १०० वॉट म्हणजे एक दशांश युनिट. त्यात सहा-सात वॉटचे तीन दिवे पाच तास जळतील. दावा खरा ठरायचा असेल तर गरीब घराची दिवसाची गरज तीन दिव्यांची आहे हे आधी मान्य केले पाहिजे. पाणी चढविणारी मोटर, पंखा, मिक्सर, शिलाई यंत्र, मुलाचा संगणक हे सारे त्या घराच्या गरजांच्या यादीतून आधीच खोडलेले आहे! २०२३-२४ मध्ये आपल्या देशाचा दरडोई वीजवापर १,३९५ युनिट होता. दिवसाला ३.८ युनिट. हे पायडलवर काढायचे तर प्रत्येक भारतीयामागे आठ-आठ तास राबणारी सात-आठ माणसे हवीत. सरासरीत कारखाने, रेल्वे सारे येते हे मला ठाऊक आहे; पण ज्याला आपण नागरिक म्हणतो त्याच्यामागे समाज किती अदृश्य बळ उभे करतो, याची कल्पना या आकड्यावरून येते. ‘तुझ्या घरापुरते बळ तुझ्याच पायांतून काढ’ असे फक्त गरिबालाच सांगितले जाते, श्रीमंताला नाही.

माणसाच्या पायांतून शक्ती काढण्याचा इतिहास तर याहूनही बोलका आहे. ट्रेडमिल हा शब्दच तुरुंगातून आला. विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास कैद्यांसाठी पायऱ्यांचे प्रचंड चाक बनविले. कैद्यांनी तासन्‌तास त्याच्या पायऱ्या चढत राहायच्या आणि चाक फिरत राहायचे. काही ठिकाणी त्यावर दळण होई, पाणी चढे. कित्येक ठिकाणी त्या चाकाला काहीच जोडलेले नसे. कैदी नुसता वारा दळत असत. १८९८ च्या कायद्यानंतर ही चाके मोडीत निघाली. आपल्याकडे अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये राजबंद्यांना कोलूला जुंपले जाई आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढण्याची सक्ती असे. बैलाच्या जागी माणूस, हाच त्या शिक्षेचा आशय होता. तेल मिळते ही बाब तुरुंगाधिकाऱ्याच्या दृष्टीने दुय्यम होती.

२०१२ साली ब्राझीलमधील सांता रीता दो सापुकाई या गावाच्या तुरुंगात कैद्यांना सायकली दिल्या. त्यांनी भरलेल्या बॅटऱ्यांवर गावातील फिरण्याच्या रस्त्यावरचे काही दिवे पेटत, आणि तीन दिवस पायडल मारले की शिक्षेतला एक दिवस कमी होई. जगभरच्या वृत्तपत्रांनी कौतुक केले. शिक्षेत सूट मिळते हे चांगलेच, कैद्यांनाही ते हवेच होते. परंतु श्रमाच्या बदल्यात सूट देण्याची तरतूद ब्राझीलच्या कायद्यात मुळातच आहे. मग त्या कैद्याला सुतारकाम, छपाई, शेती असे बाहेर पडल्यावर उपयोगी पडेल असे काम द्यायचे, की दिवसाला पाच-सहा रुपयांची वीज काढायला बसवायचे?

आणि एक उदाहरण मुलांचे. दक्षिण आफ्रिकेत लहान मुलांच्या खेळण्यातील गोल फिरणाऱ्या चक्राला पंप जोडण्यात आला. मुले खेळतील आणि टाकीत पाणी चढेल. २००६ साली अमेरिकेत या ‘प्ले पंपा’साठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. २०१० पर्यंत चार हजार पंप बसवायचे होते. २००९ मध्ये ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाने गणित करून दाखविले की, एका पंपाने जेवढ्या लोकांना पाणी द्यायचे ठरले आहे, तेवढे द्यायचे तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावे लागेल. दिवस चोवीस तासांचा असल्याने व्हायचे तेच झाले. मुले थोडा वेळ खेळून निघून जात आणि मग गावातील बाया कमरेत वाकून ते चक्र ढकलत. पूर्वी त्यांच्याकडे साधा हातपंप होता. तो काढून हे बसविले होते. ज्या कामाला कोणी धनी नसतो ते अखेर बाईच्या वाट्याला येते, हा नियम आफ्रिकेत आणि महाराष्ट्रात सारखाच लागू आहे. आपल्या देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत विनामोबदला घरकामावर स्त्रिया दिवसाला २८९ मिनिटे खर्च करतात आणि पुरुष ८८ मिनिटे, असे दिसले. घराच्या कोपऱ्यात पायडलयंत्र आले तर त्यावर कोण बसणार, हे मी सांगण्याची गरज नाही.

समाजवादी विचारात या प्रश्नाची चर्चा फार पूर्वी झाली आहे, आणि तिची आठवण फारशी ठेवली गेलेली नाही. सेर्गेई पोडोलिन्स्की नावाचा एक युक्रेनियन डॉक्टर होता, समाजवादी होता. त्याने १८८० साली मार्क्सला आपला एक निबंध पाठविला. मानवी श्रम म्हणजे सूर्याकडून आलेली ऊर्जा पृथ्वीवर साठवून ठेवण्याचे साधन, असा त्याचा सिद्धांत होता. माणूस हे उष्णतेवर चालणारे यंत्र आहे असे समजून त्याने हिशेब केला. घेतलेल्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा कामात उतरतो. पण माणसाला नुसते अन्न पुरत नाही, वस्त्र, निवारा आणि इतर गरजाही असतात, हे धरले तर दहावा हिस्साच उरतो. एंगल्सने डिसेंबर १८८२ मध्ये मार्क्सला लिहिलेल्या दोन पत्रांत या विचाराचा समाचार घेतला. मूळ शोध मोलाचा आहे, पण आर्थिक संबंध भौतिकशास्त्राच्या मापांत मांडता येणार नाहीत, असा त्याचा निष्कर्ष. पुढल्या मार्चमध्ये मार्क्स वारला आणि विषय मागे पडला. समाजवादी चळवळीने निसर्गाच्या हिशेबाकडे पाठ फिरविली ती तेव्हापासून, असे काही अभ्यासक म्हणतात.

मला या वादात दोघांचेही म्हणणे अर्धे-अर्धे पटते. पोडोलिन्स्कीचे मोजमाप सोडून दिले की आपण ज्वारी विसरतो आणि पायडलची वीज फुकट समजू लागतो. एंगल्सचा इशारा सोडून दिला की आपण माणसाला शंभर वॉटचे यंत्र समजू लागतो. हमालाने पोते उचलले यात किती ऊर्जा लागली, हे भौतिकशास्त्र सांगते. त्याला पोते शंभर किलोचे का उचलावे लागले आणि ते पन्नास किलोचे व्हावे म्हणून वर्षानुवर्षे का भांडावे लागले, हे भौतिकशास्त्र सांगत नाही. त्यासाठी हमाल पंचायतीचा इतिहास वाचावा लागतो.

येथे कोणी साथी उठून विचारील की, मग चरख्याचे काय? गांधीजींनी हाताच्या शक्तीवरच अर्थव्यवस्था उभी करायला सांगितली होती ना? प्रश्न रास्त आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख! किर्लोस्करवाडीच्या कारखान्यानेही त्या आव्हानापायी एक यंत्र तयार केले होते. पारितोषिक अखेर कोणालाच मिळाले नाही. पण त्याच्या अटी पाहण्यासारख्या आहेत. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, यंत्र खेड्यातील झोपडीत हाताने किंवा पायाने चालावे, आणि एखाद्या स्त्रीला ते आठ तास फारसे श्रम न होता चालविता यावे. ‘फारसे श्रम न होता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चरख्याचा अर्थ घाम पिळून काढणे असा गांधीजींनाही अभिप्रेत नव्हता. चरख्यातून सूत निघते, सुताला गिऱ्हाईक असते, चरखा कातणारीच्या घरात असतो. पायडलवरच्या विजेला यातले एकही लागू नाही.

आणि दुसऱ्या बाजूला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे आहेत. यंत्राने माणसाला पशूच्या जिण्यातून सोडविले आणि फुरसत दिली, फुरसतीवाचून संस्कृती नाही, हा त्यांचा गांधीवादावरचा १९४५ मधील आक्षेप सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये त्यांनी विजेच्या धोरणाची मांडणी केली होती : देशाला औद्योगिकीकरणासाठी स्वस्त आणि विपुल वीज हवी, आणि ते औद्योगिकीकरण दारिद्र्याच्या चक्रातून सुटण्यासाठी हवे. ज्या समाजाच्या पाठीवर पिढ्यान्‌पिढ्या ओझे लादले गेले, त्या समाजातून आलेल्या अर्थशास्त्रज्ञाला वीज ही काय चीज आहे हे नेमके कळले होते. वीज माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरविण्यासाठी असते. ती काढण्यासाठी माणसाच्या पाठीवर नवे ओझे ठेवणे म्हणजे गाडा उलटा जुंपणे आहे.

म्हणून पायडलच टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. वीज करून पुन्हा ती कामाला लावण्यापेक्षा पायांची शक्ती सरळ कामाला जोडली तर गळती पुष्कळ टळते. नागपूरचे डॉ. जे. पी. मोडक यांनी १९७९ पासून या दिशेने जे काम केले, ते आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. त्यांच्या यंत्रात माणूस मिनिटभर पायडल मारून एका जड चाकाला गती देतो आणि मग ते चाक कामाच्या यंत्राला जोडले जाते. मिनिटभरात साठलेली शक्ती काही सेकंदांत बाहेर पडते. त्यामुळे ज्या कामाला तीन ते सात अश्वशक्तीची गरज असते ते काम, विटा पाडण्यासारखे काम, सुमारे एक-सप्तमांश अश्वशक्तीचा माणूस करू शकतो. बांगलादेशात पायांनी तुडवून पाणी काढण्याचा साधा पंप १९८० नंतर दहा लाखांहून अधिक शेतकऱ्यांनी घेतला. त्यावर अर्ध्या एकराच्या आसपास भाजीपाला भिजे. तो पंप शेतकऱ्याच्या मालकीचा होता, पाणी त्याच्याच वाफ्यात जाई आणि पिकाचा पैसा त्याच्याच हाती येई. म्हणून त्याने पाय दुखविले. ज्यांना पुढे इंजिनचा पंप परवडला त्यांनी तो घेतला, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. अगदी थोड्या विजेची कामेही आहेत. किल्ली फिरवून चालणारा रेडिओ १९९० च्या दशकात आफ्रिकेत उपयोगी पडला. आपल्या जुन्या सायकलींचा तीन वॉटचा डायनामो तर आपल्यापैकी प्रौढांना आठवत असेल. पोलिसाच्या दंडापासून त्याने कित्येकांना वाचविले.

तेव्हा कसोटी वॉटची नाही, मालकीची आणि संमतीची आहे. हे मी हवेत बोलत नाही. आपल्याच राज्यात, माथेरानला, काय घडले ते पाहा.

माथेरानला मोटारींना बंदी आहे. २००३ मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. पर्यावरण सांभाळले गेले, हे उत्तम. पण मोटारीचे काम कोण करीत होते? माणसे! चढउताराच्या लाल मातीच्या रस्त्यावर, पर्यटकाला बसवून हाताने रिक्षा ओढणारी परवानाधारक ९४ माणसे, आणि घोडे. म्हणजे स्वच्छ हवा पर्यटकाला आणि तिची किंमत रिक्षा ओढणाऱ्याच्या छातीला. या चालकांनी विजेवर चालणाऱ्या रिक्षा मागितल्या, त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रायोगिक वापर सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षांची प्रथा अमानुष ठरवून ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. खऱ्या हातरिक्षा चालकांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करावे आणि पैसा नाही ही सबब सरकारने सांगू नये, असेही बजावले.

या निकालात १९८० च्या एका खटल्याचा दाखला आहे, तो आपण जपून ठेवावा. पंजाबात १९७५ साली एक कायदा झाला. सायकलरिक्षाचा परवाना रिक्षा चालविणाऱ्या मालकालाच मिळेल, भाड्याने देणाऱ्याला नाही. हेतू चांगला, पण चालकाकडे रिक्षा घ्यायला पैसे कुठे होते? परवाना गेला आणि रोजगारही जाऊ लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे प्रकरण आले तेव्हा कायदा घटनाबाह्य ठरविण्याची वा उचलून धरण्याची नेहमीची वाट त्यांनी धरली नाही. चालकांना बँकेचे कर्ज मिळवून देऊन रिक्षा त्यांच्या मालकीची करण्याची योजनाच त्यांनी निकालातून घडवून आणली. केरळच्या पहिल्या नंबुद्रीपाद मंत्रिमंडळात ते मंत्री होते, हे सांगितले म्हणजे त्याचे नवल वाटणार नाही. पंचेचाळीस वर्षांनी माथेरानमध्ये तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला : ओझे यंत्राने उचलायचे, पण यंत्र कोणाचे? उद्या कोणी ठेकेदाराने पन्नास ई-रिक्षा आणून त्याच माणसांना रोजंदारीवर ठेवले, तर छातीवरचा ताण जाईल आणि पोटावरचा येईल.

आपल्या शहरात माथेरान नाही, पण माणसाच्या स्नायूंवर चालणारी कामे कमी नाहीत. बाजार समितीत पोती आहेत, भंगाराचे हातगाडे आहेत. वरच्या वस्तीत पाण्याला दाब नसल्याने बायका हंडे वाहतात. २०१३ चा कायदा असूनही नाल्यांत आणि टाक्यांत माणसे उतरविली जातात. या सगळ्यांच्या घामाला कोणी ‘हरित ऊर्जा’ म्हणत नाही, कारण तो घाम दिसायला सुंदर नसतो आणि त्याचे छायाचित्र काढायला कोणी येत नाही. आपण जाहीरनामा लिहितो आहोत तो यांच्यासाठी.

म्हणून माझी सूचना अशी आहे. खुल्या व्यायामशाळा असाव्यात. त्या व्यायामासाठी असाव्यात, आणि त्यांत बायकांना पहाटे निर्धास्तपणे जाता येईल अशी व्यवस्था असावी. जनित्र जोडलेली एक सायकल नगरपालिकेच्या प्रत्येक शाळेत अवश्य द्या. मुलांनी त्यावर बसून आधी जुना शंभर वॉटचा बल्ब पेटवावा, मग नऊ वॉटचा एलईडी. वीज म्हणजे काय आणि श्रम म्हणजे काय हे दोन्ही त्यांच्या मांड्यांना कळेल. जमल्यास नगरसेवकांनाही एकदा बसवावे. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी शाळांच्या आणि मंडईच्या छपरांवर सौर पट्टे टाकावेत, आणि त्यांची देखभाल ठेकेदाराकडे न देता शहरातील आयटीआयच्या मुलामुलींच्या सहकारी संस्थेकडे द्यावी.

नवव्या कलमाचा मजकूर मी असा सुचवितो : “शहरात ज्या ज्या कामांत माणसाला आजही ओढावे, उचलावे, उपसावे किंवा वाहावे लागते, त्यांची प्रभागवार नोंद पहिल्या सहा महिन्यांत करून ती जाहीर करू. त्यांपैकी जी कामे यंत्राने होऊ शकतात ती यंत्राने करण्याची योजना त्या कामगारांच्या संघटनेशी विचारविनिमय करून आखू. येणाऱ्या यंत्राची मालकी ते काम आज करणाऱ्या स्त्रीपुरुषांची किंवा त्यांच्या सहकारी संस्थेची राहील. यंत्र येण्यापूर्वी कोणाचाही रोजगार काढून घेतला जाणार नाही.”

हातगाडीवाल्यांच्या आणि हमालांच्या प्रतिनिधींना आज दुपारच्या बैठकीला बोलावले आहे असे चिटणिसांनी सांगितले. मजकूर त्यांना वाचून दाखवावा, ‘सहकारी संस्था’ या शब्दांवर त्यांचे काय म्हणणे आहे ते विचारावे, आणि ते जी दुरुस्ती सुचवतील तिच्यासह मसुदा छापखान्यात धाडावा.